वास नाही

"दिवा परत लागला," तृप्तीने गाडीतून उतरता उतरता सांगितलं, आणि मग त्याच सुरात, जणू तेही गाडीबद्दलचंच असावं तसं, म्हणाली, "आणि आईला काल दवाखान्यात ठेवलंय."

गोरक्ष मिस्त्रीने बोनेट उचलायला हात घातला होता, तो तसाच राहिला. वडाळा नाक्याजवळच्या त्याच्या गॅरेजात अजून सकाळची गर्दी व्हायची होती. दत्तू कोपऱ्यात एका रिक्षाचं चाक उतरवत बसला होता. "काय झालं मावशींना?" गोरक्षने विचारलं. तृप्ती म्हणाली, "ओझरच्या जवळ आलो आणि तिने काचेला डोकं टेकलं. मला वाटलं, डुलकी लागली. हाक मारली तर बोलेना, मग भडाभडा ओकली. गाडी तिथेच एका ढाब्यावर सोडली, रिक्षाने दवाखाना गाठला. आत्ता तिथूनच गाडी घेऊन आले. आता बरी आहे, बोलते. ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर काहीतरीच विचारत होते भाऊ. म्हणे, घरात दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवून झोपता का? मी म्हटलं, इंदिरानगरला फ्लॅटमध्ये राहतो आम्ही, शेगडी कुठली?" हे सांगताना ती हसली. गोरक्षला हसू आलं नाही. देवळ्याकडे त्याच्या लहानपणी थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नव्हती. त्या घरावरून जाताना आई त्याचा हात घट्ट धरायची, एवढं त्याला आठवत होतं. त्याने बोनेट उचललं, कारण हाताला काही काम हवं होतं.

इंजिन गरम होतं. गरम इंजिनावरून हवा थरथरत वर येते, ती त्याला दिसत होती. त्या हवेला काय वास होता हे त्याला कळत नव्हतं. डिसेंबरात हीच गाडी इथेच उभी होती आणि पुढच्या सीटवर लंकाबाई, तृप्तीची आई, शाल नाकावर धरून बसल्या होत्या. तृप्ती पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मालाची तपासणी करते. रोज सकाळी जाताना आईलाही बरोबर नेते, कारण तिथे आईची बहीण राहते आणि फ्लॅटमध्ये एकटीने दिवस काढायचा म्हणजे आईला जीव नकोसा होतो. त्या दिवशी लंकाबाई म्हणाल्या होत्या, "गाडीत धूर येतो रे बाबा. डोकं धरतं. ही म्हणते, हायवेचा धूर आहे." मग तृप्तीने त्याच्याकडे पाहिलं होतं, आणि गोरक्षने, इतकी वर्षं जसं केलं तसंच, दार उघडून डोकं आत घातलं, डोळे मिटले, सावकाश एक लांब श्वास घेतला, मग दुसरा. त्याचं नाक सगळ्या नाशकातल्या गॅरेजवाल्यांना माहीत होतं. लोक लांबून गाड्या आणत, मिस्त्री, जरा नाक लावून बघा, म्हणत. त्याने डोळे उघडले आणि सांगितलं, "काही वास नाही मावशी. ट्रक पुढे असला की येतो थोडा." लंकाबाई गप्प झाल्या. त्यानंतर गाडीत बसताना त्यांनी धुराचं नाव काढलं नाही, असं तृप्तीने नंतर एकदा कौतुकाने सांगितलं होतं.

वास नव्हता हे खोटं नव्हतं. त्याला कसलाच वास येत नव्हता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो माडीवरच्या खोलीत पडून होता. बायको, राखी, दाराबाहेर चहा ठेवून जायची. एक दिवस तो चहा त्याने तोंडाशी नेला आणि नुसतं गरम पाणी प्यायल्यासारखं वाटलं. आधी वाटलं, आलं टाकायला विसरली. ताप गेला, अंगात जोर आला, गॅरेज उघडलं. पहिल्याच दिवशी थिनरचा डबा उघडला आणि त्यात नाक घालून तो उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलं, घशाला झोंबलं, पण वास नाही. मग राखीने ओवा भाजून रुमालात बांधून दिला, कापूर दिला, कच्चा कांदा फोडून नाकाखाली धरला. "येईल परत," ती म्हणायची. "सगळ्यांचा आला." सगळ्यांचा आला. त्याचा आला नाही. हळूहळू राखीने विचारणं बंद केलं. दूध उतू जाऊन करपलं तर ती आतून धावत येते आणि तो शेजारी पेपर वाचत बसलेला असतो, एवढंच.

गॅरेजात त्याने कुणाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे त्याने स्वतःलाही कधी नीट विचारलं नव्हतं. सांगण्यासारखं ते दुखणं नव्हतं. हात मोडला असता तर दिसला असता. मालेगावला तो ज्या उस्तादांकडे शिकला, ते मुलांचे डोळे बांधून चिंध्या हुंगायला लावायचे. ही क्लचची, ही ब्रेकची, ही जळक्या ऑईलची, ही रेडिएटरच्या पाण्याची, गोडसर, शिळ्या काकवीसारखी. गोरक्ष कधी चुकला नाही. पेट्रोल जास्त जातंय की कमी, हे तो सायलेन्सरच्या मागे उकिडवं बसून सांगायचा. नंतर गाड्यांत कॉम्प्युटर आले, स्कॅनर आले. त्याने स्कॅनर घेतला, शिकला, पण आधी नाकाने ठरवायचं आणि मग मशीनवर ताळा पाहायचा, ही सवय राहिली. आता मशीन बोलायचं आणि तो डोळे मिटून, श्वास घेऊन, मान हलवायचा. कुणालाही फरक कळला नाही. हेच कधीकधी त्याला सगळ्यात विचित्र वाटायचं, की फरक कुणालाच कळला नाही.

या गाडीने मात्र त्याला पेचात टाकलं होतं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, स्कॅनर लावला की ऑक्सिजन सेन्सरची तक्रार दाखवतो. सायलेन्सरच्या नळात हा सेन्सर बसवलेला असतो. बाहेर जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे तो सांगतो, आणि त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. हा सेन्सर सारखा म्हणत होता, ऑक्सिजन फार आहे, पेट्रोल कमी पडतंय. गोरक्षने सेन्सर बदलला. दिवा विझला आणि काही दिवसांनी परत लागला. मग कंपनीचा सेन्सर मागवून बसवला, वायरिंग तपासलं, एक कुरतडलेली वायर सापडली तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं. दिवा परत लागला. शिवाय प्लग काढून पाहिले तर ते काजळीने काळे. म्हणजे पेट्रोल कमी नव्हे, जास्त जात होतं. सेन्सर एक सांगत होता आणि प्लग दुसरं. पूर्वी असं झालं असतं तर तो सायलेन्सरच्या मागे बसला असता आणि दोन श्वासांत निकाल लावला असता. आता त्याने प्रत्येक वेळी सेन्सरलाच खोटं ठरवलं होतं.

"ताई, गाडी आज राहू द्या," तो म्हणाला. "उद्या सकाळीही राहील. मला ती गार झालेली बघायची आहे. गरम असताना ती नाटक करते."

"म्हणजे?"

"तुम्ही आणता तेव्हा तुम्ही अर्धं नाशिक फिरून आलेल्या असता. बिघाड गारठ्यातला असेल तर मला इथे दिसणारच नाही." मग त्याने विचारलं, "तुमचं डोकं दुखतं का सकाळी गाडीत?"

तृप्ती त्याच्याकडे बघत राहिली. "जड असतं. मी म्हटलं, झोप पुरत नाही. हंगाम आहे ना." मग तिचा आवाज बदलला. "भाऊ, तुम्ही बघितलं होतं. वास नाही म्हणालात."

"हो," गोरक्ष म्हणाला. "म्हणालो होतो. आता ही गाडी चालवू नका."

ती रिक्षाने दवाखान्यात गेली. दिवसभर तो इतर गाड्यांची कामं करत राहिला, पण मन त्या पांढऱ्या गाडीभोवतीच घोटाळत होतं. डॉक्टरांच्या प्रश्नाचा अर्थ त्याला केव्हाच कळला होता, फक्त तो अर्थ कुठे ठेवायचा हे कळत नव्हतं. शेगडीतून जे निघतं तेच इंजिनातूनही निघतं. त्या विषाला स्वतःचा वास नसतो, हे त्याला ठाऊक होतं. बरोबर जळकं पेट्रोल येतं, त्याला असतो. लंकाबाईंच्या नाकाने ते बरोबर पकडलं होतं, आणि आपण दोन श्वास घेऊन, डोळे मिटून, त्यांना खोटं पाडलं. दोनच शब्द. ते शब्द तृप्तीने उचलले असणार, आणि आईला रोज सकाळी काच वर करताना ऐकवले असणार. मिस्त्रींनी बघितलंय, वास नाही. जानेवारीचा गारठा, काचा बंद, ब्लोअर चालू, आणि शेजारी ती म्हातारी, शाल नाकावर घेऊन गप्प. तिला आपल्याच नाकाचा संशय येऊ लागला असेल का? वय झालं की काहीबाही वास येतात, असं तिने स्वतःलाच समजावलं असेल का? हा विचार त्याला सोसेना. तो उठून नळाखाली हात धूत राहिला, साबण चोळत राहिला. साबणाला कुठला वास आहे हे त्याला वेष्टनावर वाचून माहीत होतं.

संध्याकाळी घरी राखीने पिठलं-भाकरी केली होती. त्याने खाल्लं. ताटावरून न उठता तो म्हणाला, "एका बाईला माझ्यामुळे दवाखान्यात जावं लागलं." आणि सगळं सांगितलं. राखी ऐकत राहिली. तिने त्याला समजावलं नाही, की तुमची काय चूक. ती म्हणाली, "त्यांना सांगितलंत?"

"काय?"

"वास येत नाही ते."

"आधी गाडी बघतो."

"गाडी बघाच," राखी म्हणाली, "पण ते गाडीत सापडणार नाही."

सकाळी तो लवकर गेला तरी दत्तू आधीच आलेला होता. पेठकडचा हा माणूस गोरक्षबरोबर कितीतरी वर्षं काम करत होता आणि कामापुरतं बोलत होता. पांढऱ्या गाडीच्या टपावर दव होतं. गोरक्षने किल्ली फिरवली. गारठलेलं इंजिन सुरू झालं आणि बोनेटखालून टक-टक असा बारीक आवाज येऊ लागला. घड्याळ उशीखाली ठेवलं की ऐकू येतं तसा. गरम इंजिनात हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. तो वाकला. मागे दत्तूने खांद्यावरच्या फडक्याने नाक झाकलं. ते त्याला गाडीच्या काचेत दिसलं.

"वास येतोय?" गोरक्षने विचारलं.

"येतो ना."

"डिसेंबरात ही गाडी आली होती. तेव्हा?"

"येत व्हता. थोडा. पण तुमी नाय म्हणले."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी नाय म्हणले ना मिस्त्री," दत्तू पुन्हा तेच म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याच्या दृष्टीने तो पुरेसा खुलासा होता, आणि गोरक्षला तोच सर्वांत जास्त लागला. इतक्या वर्षांत त्याने या गॅरेजात स्वतःच्या नाकाची अशी जरब बसवली होती, की दुसऱ्यांची नाकं आपोआप बंद झाली होती. त्याने इंजिन बंद केलं. "दत्तू," तो म्हणाला, "मला वास येत नाही. करोनात गेला, तो आलाच नाही." दत्तूने फडकं नाकावरून काढलं आणि घडी केली. "हां," तो म्हणाला, आणि मग, "मंग आता काय करायचं हिचं?"

काय करायचं ते गोरक्षने रात्री पडल्या पडल्या ठरवून ठेवलं होतं. त्याने धूळ उडवायचा ब्लोअर आणला, त्याचं तोंड सायलेन्सरच्या मागच्या टोकाला लावून भोवती चिंध्या गुंडाळल्या आणि दत्तूला धरायला सांगितलं. हवा आता उलटी, मागून इंजिनाकडे जाणार होती. मग त्याने इंजिनातून जळका धूर बाहेर काढणाऱ्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नळावरचा पत्रा काढायला घेतला. या पत्र्याचे बोल्ट गंजले होते, म्हणूनच प्रत्येक वेळी तो ते काम टाळून सेन्सरवर येत होता. एक बोल्ट तुटला. पत्रा निघाला. बादलीतलं साबणाचं पाणी त्याने ब्रशने नळावर सोडलं आणि दत्तूला म्हणाला, "चालू कर." थोडा वेळ काही झालं नाही. पाणी ओघळत राहिलं. मग नळाच्या बाकाखाली, हात घातल्याशिवाय कळणार नाही अशा जागी, एक फुगा आला, फुटला, दुसरा आला, आणि पाहता पाहता तिथे फेसाचा पांढरा गोळा फुगत गेला. गोरक्षने आरसा खाली धरला. बिडाला चीर गेली होती, केसाएवढी. इंजिन तापलं की लोखंड फुगून ती मिटत होती आणि गार झालं की उघडत होती.

आता सगळं सरळ होतं, लाज वाटावी इतकं सरळ. चिरेतून धूर बाहेर पडत होता आणि काचेखालच्या जाळीतून गाडीचा ब्लोअर तो आत ओढत होता. त्याच चिरेतून धुराच्या दोन ठोक्यांमध्ये बाहेरची हवा नळात शिरत होती, आणि सेन्सर त्या हवेतला ऑक्सिजन मोजून इमानदारीने सांगत होता, की इथे ऑक्सिजन आहे. होताच. त्याचं ऐकून कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओतत होता, आणि धूर आणखी विषारी होत होता. पहिला सेन्सर चांगला होता, दुसराही चांगला होता. फेस खाली गळत होता आणि गोरक्ष आरसा धरून तसाच वाकून राहिला. पाठीत कळ आली तेव्हा उठला.

दवाखान्यात तृप्ती वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. त्याने उभ्यानेच तिला सांगितलं: नळाला चीर आहे, धूर गाडीत येत होता, डॉक्टर शेगडीचं विचारत होते ते त्यामुळे, त्यांना हे लगेच सांगा. मग तो थांबला नाही, कारण थांबला असता तर राहून गेलं असतं. "आणि मी वास नाही म्हणालो, ते मला वास येतच नाही म्हणून. करोनापासून. मी नुसता श्वास घेतला होता."

तृप्तीचा चेहरा आधी रिकामा झाला. मग ती हळू आवाजात, आजूबाजूच्या लोकांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, म्हणाली, "मी तिच्यावर ओरडले. परवा सकाळी. काच खाली करत होती म्हणून. म्हटलं, मिस्त्रींना काही कळत नाही आणि तुलाच कळतं का?" मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही नुसतं, माहीत नाही, असं म्हणाला असतात तरी चाललं असतं भाऊ." गोरक्षने मान हलवली. ती डॉक्टरांना गाठायला आत निघून गेली. तो बाकावर बसला नाही. थोडा वेळ तिथेच उभा राहिला आणि मग जिना उतरला.

तृप्ती गाडी न्यायला दुसरा मिस्त्री पाठवील, असं त्याने धरलं होतं. पण तिने फोन केला. एवढंच म्हणाली, "दुरुस्त करा. पण आई बसून बघेल, मगच मी नेईन." त्याने जुन्या बाजारात फिरून त्याच गाडीचा धड नळ शोधला, सांध्यात नवं गॅस्केट घालून बसवला, जुना सेन्सर परत लावला, साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा तपासला. दिवा लागला नाही.

लंकाबाई घरी आल्यानंतरच्या आठवड्यात, एका गार सकाळी, मायलेकी रिक्षाने गॅरेजात आल्या. गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती. लंकाबाई पुढे बसल्या. गोरक्षने त्यांना विचारून काचा वर केल्या, ब्लोअर लावला, इंजिन सुरू केलं आणि बाहेर, त्यांच्या दाराशी उभा राहिला. दत्तूने मागे डोकं घालून हुंगलं, अंगठा वर केला. तृप्तीही म्हणाली, "नाही येत आई. बघ, काही नाही." लंकाबाई समोर बघत बसल्या होत्या. शाल खांद्यावर होती. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "येतो. थोडा."

"आई, आता दुरुस्त झालीये गाडी. तुझ्या मनात बसलंय ते..." तृप्ती म्हणत होती तोवर गोरक्षने आत हात घालून किल्ली बंद केली होती. "कुठून येतो मावशी? पायाकडून की वरून?"

लंकाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "पायाकडून. डाव्या अंगाने."

तो बोनेट उघडून वाकला. दत्तूने न सांगता धूळ उडवायचा ब्लोअर आणि बादली आणली. नळ इंजिनाला जिथे बसतो तिथे टोकाचा एक नट, हात पोचायला अवघड असलेला, पुरता बसला नव्हता. साबणाच्या पाण्यात तिथे बारीक बारीक बुडबुडे येत होते, मोहरीएवढे. काल हे नव्हते. की होते आणि इंजिन पुरतं गार नव्हतं, कोण जाणे. त्याने नट कसला, परत पाणी सोडलं, बुडबुडे थांबले. गाडी परत सुरू केली. यावेळी दत्तूने डोकं आत घातलं नाही. रस्त्यावरून बसगाड्या जात होत्या. गोरक्ष लंकाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, आणि त्याच्या लक्षात आलं, की कित्येक वर्षांत आपण असं दुसऱ्याच्या नाकाकडे बघत थांबलो नव्हतो.

"आता नाही," लंकाबाई म्हणाल्या.

तृप्ती ड्रायव्हरच्या बाजूने आत बसली. ती गोरक्षशी काही बोलली नाही. अजून बोलण्यासारखं तिच्याकडे नव्हतं, आणि कदाचित पुढेही नसेल. लंकाबाईंनी मात्र काच अर्धी खाली केली. "हिने सांगितलं मला," त्या म्हणाल्या. "तू देवळ्याकडचा ना रे?" आणि मग एकदम गावच्या बोलीत, "तुले कसाच वास येस नही?"

"नही मावशी," गोरक्ष म्हणाला. ही गोष्ट त्याने राखीला, दत्तूला, तृप्तीला सांगितली होती, पण आईच्या भाषेत पहिल्यांदाच तोंडातून निघाली. "माले कसाच वास येस नही."

"मंग जेवण कसं लागस?"

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो विचार करू लागला. भाकरी गरम आहे की गार, ते कळतं. मीठ कळतं. मिरची जिभेला भाजते ते कळतं. आमटी आणि वरण यांतला फरक डोळ्यांनी कळतो. "गरम लागतं," तो शेवटी म्हणाला. "तिखट लागतं. बाकी काही लागत नाही."

लंकाबाईंनी मान हलवली, जणू त्यांना हेच अपेक्षित होतं. "आणि हे घरात सांगत नसशील. बायको विचारते, कशी झाली भाजी, तर चांगली झाली म्हणत असशील."

गोरक्ष हाताने टपावरचं दव पुसू लागला.

"ती रोज विचारत असेल," लंकाबाई म्हणाल्या, आणि लेकीला म्हणाल्या, "चल." गाडी गॅरेजातून बाहेर पडली, वळली आणि द्वारका चौकाच्या दिशेने रहदारीत शिरली. राखीने भाजी कशी झाली हे विचारणं केव्हा बंद केलं, ते आठवत गोरक्ष बराच वेळ रस्त्याकडे बघत उभा राहिला.